कोबीतला किडा, मेंदूतली गाठ आणि परजीवींचा प्रवास

शिंपला

"कोबीतला किडा डोक्यात शिरतो, फ्लॉवर-कोबी खाणं आजपासून बंद करा" हा मेसेज पावसाळा आला की पुन्हा फिरायला लागतो. सोबत मेंदूच्या एमआरआयचा फोटो आणि कोबीच्या पानावरच्या हिरव्या अळीचा फोटो शेजारी शेजारी लावलेला असतो. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी निदान एक तरी मुलगी वर्गात हाच प्रश्न विचारते. तेव्हा म्हटलं, इथे एकदा सविस्तर लिहावं.

कोबीवरची हिरवी अळी ही पतंगाची अळी. ती मोठी झाली की कोष करते आणि त्यातून पतंग बाहेर पडतो. चुकून तुमच्या पोटात गेली तर ती मरते आणि पचते, बस. मेंदूत जी गाठ होते तिचा या अळीशी काहीही संबंध नाही. ती पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची पुटी (पाण्यानं भरलेली बारीक पिशवी) असते. त्यातही डुकराच्या मांसातून येणारा जो प्रकार आहे त्याची.

आता हे समजून घ्यायला दोन-तीन संकल्पना लागतात. परजीवी म्हणजे जो दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात राहतो आणि त्याच्याच जिवावर पोसला जातो, त्याचं नुकसान करून. ज्याच्या अंगात राहतो तो यजमान. उवा, गोचीड हे बाहेर राहणारे; जंत, हिवतापाचा जंतू हे आत राहणारे. पण बऱ्याच परजीवींचं एका यजमानावर भागत नाही. बालपण एकाच्या शरीरात काढायचं आणि मोठं होऊन अंडी घालायची दुसऱ्याच्या शरीरात. जिथे तो प्रौढ होतो, नर-मादीचा भाग पार पडतो, तो अंतिम यजमान. जिथे अपुऱ्या अवस्थेत वाढतो तो मध्यस्थ यजमान.

डुकराच्या पट्टकृमीचा अंतिम यजमान माणूस. आपल्या लहान आतड्यात तो काही मीटर लांब वाढतो, डोक्याच्या आकड्यांनी आणि चूषकांनी भिंतीला धरून राहतो. त्याला तोंड नाही, आतडं नाही. सगळं अन्न अंगाच्या पृष्ठभागातून शोषून घेतो. शेपटाकडचे पिकलेले खंड तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका खंडात सुमारे ५० हजार अंडी असतात. उघड्यावर शौच झालं, मोकाट डुकरानं ते खाल्लं, की अंडी डुकराच्या पोटात फुटतात. त्यातून निघालेला गर्भ आतड्याची भिंत भेदतो, रक्तातून स्नायूंत जातो आणि तिथे वाटाण्याएवढी पाण्याची पुटी होऊन बसतो. डुक्कर हा मध्यस्थ यजमान. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, की पुटीतून डोकं बाहेर येतं, आतड्याला चिकटतं आणि चक्र पूर्ण.

या चक्रात माणसाच्या मेंदूला कुठेच जागा नाही, हे लक्षात आलं का? मेंदूपर्यंत तो कसा पोचतो हे पुढच्या प्रतिसादात लिहिते. टंकायला वेळ लागतोय.

मुक्ताई

ताई, तुमच्या पुढच्या प्रतिसादाची फार वाट बघतेय. माझ्या पुतण्याला मागच्या महिन्यात शाळेत फिट आली. वय दहा. एमआरआयमध्ये एक छोटी गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले टेपवर्मची आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. जाऊबाई रडून रडून अर्ध्या झाल्यात, सासूबाई म्हणतात मुलानं बाहेर काहीतरी खाल्लं असणार. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे इतकं बोलायला वेळ नव्हता.

शिंपला

मुक्ताई, आधी तुमच्या जाऊबाईंना सांगा की मुलानं डुकराचं मांस खाल्लं म्हणून हे झालेलं नाही. मांसातली पुटी खाल्ली तर आतड्यात कृमी होतो, मेंदूत गाठ होत नाही. मेंदूतली गाठ होते ती *अंडी* पोटात गेल्यावर. आणि अंडी मांसात नसतातच. ती असतात माणसाच्या विष्ठेत.

म्हणजे असं बघा. एखाद्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे. त्याला बहुतेक वेळा काही त्रासही नसतो, त्याला ठाऊकही नसतं. शौचानंतर हात नीट धुतले गेले नाहीत, नखांत अंडी राहिली, त्याच हातांनी कोशिंबीर चिरली, पाणी भरलं, खाऊ भरवला. किंवा सांडपाणी सोडलेल्या शेतातली पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खाल्लं गेलं. अंडी पोटात गेली की ती आपल्या शरीरात डुकराच्या शरीरात वागतात तशीच वागतात: फुटतात, आतडं भेदतात, रक्तातून निघतात आणि स्नायूत, डोळ्यात, मेंदूत पुटी करतात. माणूस इथे डुकराच्या जागी आला. परजीवीच्या दृष्टीनं ही वाट बंद गल्लीच, कारण माणसाचं मांस कुणी खात नाही. पण आपल्यासाठी ती फिट ठरते.

याचं एक गाजलेलं उदाहरण १९९२ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांतल्या चार जणांना फिट येऊ लागल्या आणि मेंदूत याच पुटी सापडल्या. हे लोक धर्मानं डुक्कर निषिद्ध मानणारे. तपास गेला घरकामाला असणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांपर्यंत. त्यांच्यापैकी एकीच्या पोटात कृमी होता. तिला स्वतःला काही आजार नव्हता.

तर गाठ कुणालाही होऊ शकते, पूर्ण शाकाहारी माणसालाही. आणि ज्याला त्रास होतो तो, नि ज्याच्याकडून पसरतं तो, ही पुष्कळदा दोन वेगळी माणसं असतात. परजीवींच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी शिकवायला हवी.

अजून एक. पुटी जिवंत असते तोवर शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. म्हणजे अंडी नेमकी कधी पोटात गेली हे शोधणं जवळजवळ अशक्य. मागच्या महिन्यात कुठे काय खाल्लं याचा हिशोब मांडून मुलाला किंवा आईला दोष देऊ नका.

मुक्ताई

हे मी प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवणार आहे. खूप खूप आभार.

रानवाटा

उत्तम धागा. एक शंका. मग कोबी खायचा की नाही? आमच्याकडे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवतात.

शिंपला

खायचा, खुशाल. मिठाच्या पाण्यात अळ्या सुटून वर येतात, त्यासाठी ते ठीक. कृमीच्या अंड्यांवर मिठाचा, व्हिनेगरचा भरवसा धरू नका. त्यांचं कवच चिवट असतं. वाहत्या पाण्याखाली पान न् पान सुटं करून चोळून धुणं आणि शिजवणं, हे दोन उपाय खरे. शिजवलेल्या भाजीत भीती नाही. कच्च्या कोशिंबिरीला, चायनीजच्या गाडीवरच्या कच्च्या कोबीला, भेळेवरच्या कोथिंबिरीला विचार करावा. दोष कोबीचा नाहीच. कोबीच्या पानांत पाणी आणि माती अडकून राहते एवढंच, बाकी मुळा-गाजर-पालकालाही हेच लागू.

निवृत्त_आरोग्यसेवक

नमस्कार. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालो. 'ज्याला त्रास होतो तो आणि ज्याच्याकडून पसरतो तो वेगळा' हे वाचून मला नारूची, म्हणजे पायाला फोड करून बाहेर येणाऱ्या लांब कृमीची, आठवण झाली, कारण तिथे नेमकं उलटं होतं. नव्या पिढीनं नारू बघितला नाही म्हणून लिहितो.

दुष्काळी भागात पायऱ्यांच्या विहिरी असत. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घागर भरत. ज्याच्या पायाला नारूचा फोड आलेला असे त्याची आग आग होई, म्हणून तो पाय पाण्यात बुडवी. पाय बुडवला की फोड फुटून आतली मादी लाखो अळ्या पाण्यात सोडी. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव असतात, ते त्या अळ्या खात. दोनेक आठवड्यांत अळी त्यांच्या पोटात तयार होई. ते पाणी न गाळता प्यायलं की सायक्लॉप्स आपल्या पोटात मरे आणि अळी सुटून शरीरात शिरे. जवळजवळ वर्षभरानं पुन्हा फोड. कृमी मीटरभर लांब, शेवयासारखा. तो ओढायचा नाही, तुटला तर पाय सडायची वेळ येई. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. ऐन पेरणीच्या, कापणीच्या दिवसांत माणूस खाटेवर. घरात दोघा-तिघांना एकदम झाला तर शेत पडीक राही.

यावर औषध नाही, लस नाही. देशात १९८३-८४ पासून कार्यक्रम सुरू झाला. आम्ही काय केलं? पाणी दुहेरी फडक्यानं गाळायला लावलं, विहिरीत औषध टाकलं, पायऱ्या बंद करून कठडे बांधले, रहाट आणि हातपंप बसवले, नारूचा रुग्ण शोधून त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. नुसत्या फडक्यानं एक रोग गेला, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

शिंपला

काका, तुमच्या प्रतिसादाला माझ्या वर्गात नक्की जागा मिळणार. नारू हटवता आला त्यामागे तुम्ही म्हणता तेच कारण आहे. तिथे रोगी आणि रोग पसरवणारा एकच, आणि तो डोळ्यांना दिसतो. पायाला फोड असलेला माणूस शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. शिवाय साखळी एकाच ठिकाणी, पिण्याच्या पाण्यात, तुटते. जगात १९८६ मध्ये वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता, २०२३ मध्ये माणसांतले फक्त १४ रुग्ण नोंदले गेले.

मग तो अजून पूर्ण संपला का नाही? कारण आफ्रिकेत, विशेषतः चाडमध्ये, तो मोठ्या संख्येनं कुत्र्यांत सापडू लागला. माणसांचं पाणी गाळून झालं, पण परजीवीला दुसरा यजमान मिळाला. अशा प्राण्याला परजीवीचा साठा म्हणतात. माणसांतून रोग संपला तरी तो तिथे टिकून राहतो. आता तिथे कुत्रे बांधून ठेवायला आणि मासे साफ केल्यावर निघालेली घाण पुरून टाकायला सांगतात, कारण कुत्र्यांना संसर्ग मासे आणि बेडूक खाऊन होत असावा असं दिसतं.

वैनगंगा

भंडाऱ्याहून. आमच्याकडे हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात दरवर्षी. आशाताई समोर उभी राहून गिळायला लावते. पुष्कळ लोक तोंडात धरतात आणि ती गेली की थुंकतात. म्हणतात, "मला काही झालं नाही तर मी कायले खाऊ?" वरून कोणाला ताप आला, चक्कर आली की अख्खं गाव नाही म्हणते. शिंपला ताई, यावर लिहा न जरा.

शिंपला

लिहिते, कारण हा प्रश्न अगदी मुळाशी जातो.

हत्तीरोगाचे प्रौढ कृमी धाग्यासारखे असतात आणि आपल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, वर्षानुवर्षं राहतात. मादी सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात उतरतात, कारण आपल्याकडचा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून रक्ताचा नमुना घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर दारात येतात. लोकांना वाटतं, ही काय वेळ झाली? पण दिवसा घेतलेल्या थेंबात काहीच दिसणार नाही.

डासानं रक्त प्यायलं की पिल्लं डासाच्या अंगात वाढतात. त्यांची संख्या तिथे वाढत नाही, अवस्था बदलते. डास पुन्हा चावला की ती कातडीवर उतरतात आणि चावल्याच्या भोकातून आत शिरतात. एका-दोन चाव्यांनी सहसा काही होत नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चावे बसले तर रोग जम धरतो. डास हा इथे वाहक. वाहक म्हणजे एका यजमानाकडून दुसऱ्याकडे परजीवी नेणारा. गटारात, शौचखड्ड्यात, तुंबलेल्या घाण पाण्यात तो वाढतो.

आता "मला काही झालं नाही" याचं उत्तर. ज्याचा पाय हत्तीसारखा सुजलाय, त्याच्या रक्तात पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत. त्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि ज्याच्या रक्तात हजारो पिल्लं फिरतायत तो धडधाकट असू शकतो, शेतावर जातो, रात्री अंगणात झोपतो, आणि डास त्याच्याकडूनच पिल्लं उचलतात. गोळी सगळ्यांना देतात ती या माणसासाठी, जो कोण आहे हे कुणालाच माहीत नाही. गोळीनंतर ताप किंवा चक्कर येते ती बहुधा त्यालाच, कारण रक्तातली पिल्लं एकदम मरतात. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच गोळीची सगळ्यात जास्त गरज होती. तो त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळी देत नाहीत, बाकीच्यांनी पोटभर जेवून घ्यावी.

वैनगंगा

हे आमच्या ग्रामसभेत सांगतो. 'त्रास झाला त्यालाच गरज होती' हे तर कोणी सांगितलंच नव्हतं.

हापूसबाग

आमच्या कोकणातला परजीवी कुणी घेतलाच नाही, बांडगूळ! दरवर्षी आंब्यावरची बांडगुळं काढायला गडी लावावे लागतात. हा पण परजीवीच ना?

शिंपला

अगदी नक्की. बांडगूळ हा अर्धा परजीवी. पानं हिरवी असतात, म्हणजे अन्न स्वतः बनवतो, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मुळासारखे अवयव घुसवून ओढतो. त्यापुढची फांदी वाळत जाते. अमरवेल पूर्ण परजीवी, तिला पानंच नाहीत, पिवळ्या दोऱ्यांचं जाळं नुसतं. देशावर ज्वारीत येणारा टारफुला मुळांवर जगतो. तो जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

बांडगुळाचा प्रसार बघण्यासारखा आहे. फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो. बी इतकी चिकट असते की विष्ठेबरोबर बाहेर पडली तरी सुटत नाही, म्हणून पक्षी फांदीला घासून ती काढतो आणि तिथेच ती रुजते. म्हणजे फळं धरण्याआधी बांडगुळं काढली तर उपयोग, नंतर काढली तर पक्ष्यांनी आपलं काम केलेलं असतं. आणि नुसतं वरून ओरबाडू नका, आत घुसलेल्या भागातून पुन्हा फुटतं. बारीक फांदी असेल तर बांडगुळाच्या खालचा थोडा निरोगी भागही घेऊन कापावी. शेजारच्या बागेतली तशीच राहिली तर तुमची मेहनत अर्धी वाया, तेव्हा वाडीनं मिळून काढलेलं बरं.

अंजूची_आई

लहान मुलांच्या जंतांबद्दल पण सांगा प्लीज. आई म्हणते गूळ-साखर खाल्ली की जंत होतात, आणि झोपेत दात खाल्ले की जंत आहेत समजायचं.

शिंपला

गोडानं जंत होत नाहीत. जंत अंड्यातून येतो, आणि अंडं कुठल्या तरी माणसाच्या विष्ठेतून आलेलं असतं, गुळातून नाही. दात खाण्याची कारणं अनेक, त्यावरून काही ठरवू नये.

मुलांत मुख्य तीन वाटा असतात. मोठ्या गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, पण ती ताजी असताना संसर्ग करत नाहीत. ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवडे पिकावी लागतात. म्हणून माती, नखं, न धुतलेली भाजी. अंकुशकृमीची अळी मातीतून थेट अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्यात रक्त पिते, त्यातून रक्तक्षय होतो. याला चप्पल आणि शौचालय हेच उत्तर. तिसरे ते बारीक पांढरे धाग्यासारखे, रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे. त्यांना माती लागतच नाही. अंडी काही तासांत तयार होतात, मूल खाजवतं, नखं तोंडात घालतं, पुन्हा चक्र सुरू. चादरीवरून, कपड्यांवरून घरभर पसरतात, म्हणून औषध सगळ्या घराला एकदम आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लागतं. नखं कापणं, सकाळी अंघोळ, चादरी गरम पाण्यात.

१० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात ती पहिल्या दोन प्रकारांसाठी मुख्यतः. जरूर घेऊ द्या.

रानवाटा

माणूस नेहमी अंतिम यजमानच असतो का? मलेरियात?

शिंपला

छान प्रश्न. मलेरियात उलटं. नर-मादी पेशींचं मीलन डासाच्या पोटात होतं, म्हणजे अंतिम यजमान अ‍ॅनोफिलिस डास आणि आपण मध्यस्थ. मलेरिया डासातून पसरतो हे शोधणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीत ज्या गाठी दिसल्या त्या याच मीलनानंतरच्या. हत्तीरोगात परजीवी डासात संख्येनं वाढत नाही, मलेरियात हजारोंनी वाढतो, म्हणून मलेरियाला एक चावाही पुरतो.

मुक्ताई

शिंपला ताई, पुन्हा एकदा त्रास देते. तुमचं लिहिलेलं घरी वाचलं. आता सगळ्यांचा रोख आमच्या पोळ्यावाल्या मावशींवर गेलाय. त्यांना काढून टाका म्हणतात. आणि दीर म्हणतात, सगळ्यांनी जंताची गोळी घेऊन टाकू, पुतण्यालाही देऊ.

शिंपला

मावशींना काढू नका, कळकळीनं सांगते. अंडी घरातल्या कुणाकडूनही आलेली असू शकतात, बाहेरच्या कोशिंबिरीतून आलेली असू शकतात, आणि किती वर्षांपूर्वी आली हेही कळणार नाही. डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करून घ्या, आजोबांपासून मावशींपर्यंत, खर्च घरानं करून. अंडी रोज पडत नाहीत म्हणून एकापेक्षा जास्त दिवसांचे नमुने द्यावे लागतात. कुणात कृमी सापडलाच तर त्यावर साधं, थोडक्यात संपणारं औषध आहे. मावशींकडे सापडला तर उपचारानं त्यांच्या घरची मुलंही वाचतील.

पुतण्याला मात्र स्वतःच्या मनानं जंताची गोळी अजिबात देऊ नका. मेंदूत पुटी असताना ते औषध दिलं तर पुटी मरताना सूज वाढू शकते, फिट पुन्हा येऊ शकते. म्हणून ते डॉक्टर ठरवतील त्या वेळी, सूज कमी करणाऱ्या औषधाबरोबर देतात. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. किती दिवस द्यायची ते पुढच्या एमआरआयवर ठरतं. एकच गाठ असलेली बहुतेक मुलं चांगली बरी होतात. शाळेत त्याच्या बाईंना सांगून ठेवा, फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना.

मुक्ताई

सगळं कळलं. सोमवारी मावशींसकट सगळ्यांचे नमुने द्यायला जातोय.